चवदार तळ्याचा निकाल आपण वाचला आहे का?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. गाड्या भरून जातो, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, भाषणे ऐकतो. त्या भाषणांत एक वाक्य हमखास असते : "पुढे हायकोर्टानेही अस्पृश्यता बेकायदेशीर ठरवली आणि बाबासाहेब जिंकले."

गेल्या महिन्यात नौपाड्यात आमचा अभ्यासवर्ग झाला. वीस-बावीस तरुण होते. बहुतेक पदवीधर, तिघे तर कायद्याचे विद्यार्थी. मी विचारले, हा निकाल कोणी वाचला आहे? एकही हात वर गेला नाही. मग मोबाईलवर शोधून तो तिथेच वाचला. वाचून झाल्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही. कारण भाषणातले ते वाक्य निकालात नव्हते. बाबासाहेब जिंकले, हे खरे. पण कशावर जिंकले आणि कोर्टाने कोणता प्रश्न बाजूला ठेवला, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.

हा लेख त्यासाठीच आहे. न्यायालयाचा कागद उघडा असणे म्हणजे काय, आणि तो उघडा असूनही आपण वाचला नाही तर काय होते, हे समजायला महाडचा खटला पुरेसा आहे.

ठाण्यातून गेलेला खटला

घटनाक्रम आधी नीट लावू. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी पिऊन ठराव अमलात आणला. सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, आणि नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. ती भरण्याआधीच, १२ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टात दावा पडला. तळे स्पृश्यांचे आहे, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही असे जाहीर करावे आणि त्यांना मनाई करावी, ही मागणी. पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

२५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. आणि त्याच परिषदेत, लोक तळ्यावर जायला तयार असताना, कोर्टाचा मनाई हुकूम पाळायचा असे ठरले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात शूद्राला धर्म सांगू नये असा नियम आहे. त्या काळचा धर्म म्हणजेच कायदा. ज्याच्यावर कायदा चालवायचा त्यालाच तो कळू द्यायचा नाही, ही त्या ग्रंथाची रीत. तो ग्रंथ बाबासाहेबांनी जाळला. कोर्टाचा हुकूम मात्र पाळला, कारण तो वाचता येत होता, त्याला उत्तर देता येत होते, त्यावर अपील करता येत होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला.

दावा मात्र चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. वादी अपिलात गेले ते ठाण्याला! नौपाड्यातून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर कोर्टनाका आहे. तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला आपण दर १४ एप्रिलला हार घालतो. पण चवदार तळ्याचा खटला ठाण्याच्या न्यायालयातूनही गेला, हे ठाण्यात जन्मलेल्या मला तिशी ओलांडेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. १९३३ मध्ये ठाण्याच्या असिस्टंट जजने महाडचा निकाल कायम केला. मग वादी हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी अपील खर्चासह फेटाळले. सव्वानऊ वर्षे लागली.

हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. तो खटला पुस्तकांतून सांगितला जातो, त्याचे नाट्यही होते. त्याच न्यायाधीशाचा महाडचा निकाल मात्र आपणही वाचत नाही.

निकालात काय आहे

वादींनी हक्क सांगितला तो रूढीच्या आधारावर. अस्पृश्य या तळ्यावर कधीच येत नव्हते, ही पूर्वापार चाल आहे, म्हणून तिला कायद्याचे बळ आहे, असा तो युक्तिवाद. कायद्याच्या कसोटीप्रमाणे अशी रूढी अनादि काळापासून चालत आलेली असावी लागते, आणि ते सिद्ध करण्याचे ओझे रूढी सांगणाऱ्यावर असते. हायकोर्टाने म्हटले, हे सिद्ध झालेले नाही. अस्पृश्य पाण्यावर येत नव्हते एवढ्यावरून त्यांना अडवण्याचा कायदेशीर हक्क इतरांना मिळाला, असे होत नाही.

आणि पुढे कोर्टाने स्पष्ट सांगितले : वादींनी रूढी सिद्ध केली असती, तर ती अन्याय्य आहे का, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचा कायदेशीर परिणामही तपासावा लागला असता. पण मुख्य मुद्दाच निकाली निघाल्यामुळे आता त्याची गरज नाही.

म्हणजे अस्पृश्यता चूक की बरोबर, हा प्रश्न त्या दिवशी कोर्टापुढे अनुत्तरितच राहिला. सनातनी हरले ते पुराव्यावर. या निकालाने बाबासाहेबांचा विजय लहान होतो का? मला उलट वाटते. हजारो वर्षांच्या ज्या रूढीचा डंका पिटला जात होता, ती साक्षीपुराव्याच्या टेबलावर ठेवल्यावर तीन कोर्टांत टिकली नाही.

आणि कोर्टाने जे सोडून दिले त्याचे उत्तर राज्यघटनेत आले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५(२) उघडून पाहा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणाने बंधन घालता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. १९३७ चा निकाल वाचल्याशिवाय घटनेतल्या 'तळी' या एका शब्दाचे वजन कळत नाही.

कागद कोणाच्या हातात?

१९३७ मध्ये हा निकाल कोणाला वाचता आला असेल? तो इंग्रजीत होता. 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'च्या ३९ व्या खंडात छापला गेला, म्हणजे वकिलांच्या कपाटात गेला. महाडच्या तळ्यावर लाठ्या खाल्लेल्या माणसाला त्याच्याच खटल्याचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला.

ही गोष्ट नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी खात्यांतल्या भटकामगारांनी अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले ते सविस्तर मांडले आहे. अर्ज लिहिणारा दुसरा, वाचून दाखवणारा दुसरा, आणि अंगठा तेवढा आपला! कागद ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात.

आज तो निकाल कोणीही फुकट वाचू शकतो. २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ सुरू केले आणि वकिलांच्या कपाटातले निकाल चहाच्या टपरीवरच्या मोबाईलवर आले. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालही 'ई-एससीआर'वर मोफत आहेत. अमेरिकेत आजही केंद्रीय न्यायालयांचे कागद ऑनलाइन पाहायला साधारणपणे पानामागे दहा सेंट मोजावे लागतात. त्या मानाने आपली स्थिती बरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

काय उघडे, काय बंद

पण आपली लढाई सर्वोच्च न्यायालयात क्वचित जाते. ती तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात जिंकली किंवा हरली जाते.

मी ज्या ताईंच्या सोबत दोन वर्षे एका न्यायालयात जात होते, त्यांचा ॲट्रॉसिटीचा खटला होता. ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख दिसायची, टप्पा दिसायचा. एकदा त्यांनी विचारले, "मी साक्ष दिली ती त्यांनी नीट लिहून घेतली का गं?" ॲपमध्ये त्याचे उत्तर नव्हते. नकलेचा अर्ज केला, तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला. नक्कल हातात आली तेव्हा समजले, शिवी नेमकी कुठे आणि कोणासमोर दिली हे त्यांनी सांगितलेले वाक्य कागदावर नीट उतरलेच नव्हते. ॲट्रॉसिटी कायद्यात 'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांवर अख्खा खटला उभा राहतो किंवा पडतो.

ऑनलाइन उघडे आहे ते खटल्याचे शेवटचे पान. ज्यावर खटला ठरतो ती साक्ष, तो पंचनामा, ते दोषारोपपत्र अजून दफ्तरातच आहे. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, संवेदनशील गुन्हे वगळून, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. पण दोषारोपपत्रे सर्वांसाठी ऑनलाइन टाकण्याची मागणी त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नाकारली. न्यायालयीन कागद माहिती अधिकारात नव्हे, त्या त्या हायकोर्टाच्या नियमांनुसारच मागावेत, असे २०२० मध्ये ठरले.

आपल्याकडे मात्र एक वेगळे हत्यार आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. पीडिताला सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे, एफआयआरची मोफत प्रत मिळण्याची सोय होणे, आणि पोटकलम १० प्रमाणे कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण होणे, हे त्यात आहे. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी प्रकरणातल्या जामिनाच्या सुनावणीत चित्रीकरणाचा हा प्रश्न मुंबई हायकोर्टात गाजला. आपल्या भागातल्या किती खटल्यांत आपण ही मागणी लेखी केली? स्वतःला विचारा.

उघडेपणा कोणाचा?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मनुवाद्यांचा नाही, आपल्याच भगिनींचा आहे. सगळे कागद उघडे झाले तर पीडितेचे नाव, गाव, वस्ती सगळ्या जगापुढे येईल. घर भाड्याने देणारा आधी नाव शोधेल, मग जात शोधेल, मग नकार देईल.

हा आक्षेप खरा आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्यानेच बंदी आहे, आणि ती हवीच. म्हणून मागणी नेमकी करू या : न्यायाधीशाचे कारण, तपास अधिकाऱ्याचे काम, सरकारी वकिलाची हजेरी, तारखा का पडल्या ते रोजनाम्यातून, हे सर्व उघडे. पीडिताचे नाव-पत्ता झाकलेला. आणि पीडिताला स्वतःला मात्र स्वतःच्या खटल्यातला प्रत्येक कागद, विनाशुल्क, त्याच्या भाषेत. उघडेपणा सत्तेचा हवा. गरिबाचा पंचनामा जगापुढे मांडणे म्हणजे पारदर्शकता नव्हे.

आपण काय करायचे?

प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या ॲट्रॉसिटी खटल्यांच्या तारखा ॲपवर पाहाव्यात आणि त्या दिवशी दोन माणसे कोर्टात बसवावीत. साक्ष झाली की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्यावा. निकाल आला की तो अभ्यासवर्गात मोठ्याने वाचावा, हरलेला निकाल तर आधी. कायदा शिकणाऱ्यांनी वर्षाला निदान एक निकाल सोप्या मराठीत आणावा.

आमच्या नौपाड्याच्या वर्गाने महाडचा निकाल मराठीत करायला घेतला आहे. 'रूढी'च्या कसोटीवर दोन रविवार गेले, अजून अर्धा बाकी आहे. येत्या २० मार्चला तो हातात घेऊन आम्ही महाडला जाणार आहोत. तळ्याचे पाणी घेऊ, आणि काठावर बसून निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.

जय भीम! जय संविधान!