राबिन यांची हत्या व राखणदाराची नजर

राज्यकर्त्याच्या हत्येचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक मारेकऱ्याविषयीच लिहितात. त्याचे बालपण, त्याचे गुरू, त्याची मते, सारे काही छापून येते. ज्यांच्या हाती त्या दिवशी राखण होती ती माणसे मात्र दोन ओळींत संपतात. दिनांक ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल-अवीव येथे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली, तिच्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत ते या दुसऱ्या बाजूने. मारेकऱ्याचे नाव या पानावर घालण्याची आमची इच्छा नाही. ते सर्वांस ठाऊक आहेच. आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे व मुली सैन्यात, पोलिसांत, शाळेच्या किंवा बाजाराच्या फाटकावर राखणीचे काम करीत असतात. त्यांनी हा प्रसंग आपल्या कामातला म्हणून वाचावा.

शब्बाथ सुटल्यावरची ती रात्र होती. नगरपालिकेसमोरच्या मलखे यिस्राएल चौकात (आज त्यास राबिन चौक म्हणतात) शांततेच्या बाजूने सभा भरली होती व लाखाहून अधिक लोक जमले होते. बंदोबस्त मोठा होता. नऊच दिवसांपूर्वी माल्टा बेटावर इस्लामिक जिहादचा पुढारी फतही शकाकी मारला गेला होता आणि त्याचा सूड घेतला जाईल अशी धास्ती होती. म्हणून राखणदारांची नजर बाहेरून येणाऱ्या परक्याकडे लागलेली होती.

मारेकरी त्या वेळी आतच होता. व्यासपीठावरून खाली उतरणारा जिना जेथे संपतो तेथे पुढाऱ्यांच्या मोटारी उभ्या होत्या. नियमाप्रमाणे ती राखीव जागा. नेमलेल्या माणसांवाचून तेथे एकही माणूस असता कामा नये. तेथे हा पंचवीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी अर्ध्या तासाहून अधिक वेळ रेंगाळत होता. कोणास तो एखाद्या मंत्र्याचा ड्रायव्हर वाटला, कोणास साध्या वेशातील पोलीस. डोक्यावरची किप्पा त्याने आधीच काढून ठेवली होती. परराष्ट्रमंत्री शिमोन पेरेस त्याच्या समोरून गेले. त्यांना त्याने जाऊ दिले. थोड्या वेळाने राबिन उतरले. त्यांच्या आजूबाजूस अंगरक्षक होते, परंतु पाठीमागची बाजू उघडी राहिली होती. तेथून तो शिरला आणि अगदी जवळून त्याने तीन गोळ्या झाडल्या. एका हौशी माणसाने उंचावरून घेतलेल्या चित्रफितीत हे सारे दिसते. ती चित्रफीत त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकांनी पाहिली आणि मग सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न झाला, की या माणसास कोणी हटकले कसे नाही?

आम्ही शिक्षक. सहलीहून परतताना बसमध्ये मुले मोजली आणि एक कमी भरले, तर आमच्या छातीत धस्स होते. एक जास्त भरले तर आम्ही हसतो आणि पुन्हा मोजतो. राखणीच्या कामात याच्या नेमके उलट आहे. तेथे भीती बाळगावयाची ती एक जास्त भरण्याची. त्या मोटारतळावर कोण कोण असावयाचे याची यादी हातात घेऊन माणसे मोजली असती, तर चेहरे पाहण्याची गरजच नव्हती. ‘तुम्ही कोणाचे ड्रायव्हर?’ एवढा साधा प्रश्न पुरेसा होता. पण तो विचारावयाचा कोणी? मोटारतळावर पोलीसही होते आणि शाबाक या गुप्तचर खात्याची माणसेही होती. दोन यंत्रणा एका जागेवर उभ्या राहिल्या म्हणजे प्रत्येकीस वाटते, की या माणसाला दुसरीने तपासले असेलच.

चेहऱ्याविषयी आणखी थोडे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. आपल्या वर्णाच्या माणसास बसस्थानकाच्या फाटकावर पिशवी उघडून जरा अधिक वेळ उभे राहावे लागते, हा अनुभव आपल्या पिढीतील पुष्कळांच्या गाठीस आहे. आम्हांसही तो आला आहे, आणि त्याचा राग आला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु रागाहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जो राखणदार चेहरा पाहून ‘हा परका, हा आपला’ असे ठरवितो तो निरपराध्यास थांबवितो आणि ‘आपल्या’ दिसणाऱ्या मारेकऱ्यास वाट देतो. त्या रात्री मोटारतळावर उभा असलेला माणूस यहूदी होता, हिब्रू बोलणारा होता, सैन्यात राहून आलेला होता. त्याच्या कमरेचे पिस्तूलदेखील परवान्याचे होते.

आणि हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते असे मुळीच नाही. शाबाकचे त्या वेळचे प्रमुख कार्मी गिलोन यांनी यहूदी जहालांच्या विषयावरच विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. कोणी यहूदीच पंतप्रधानांवर हात टाकील ही शंका त्यांनी हत्येपूर्वी बोलूनही दाखविली होती. जून महिन्यात एका ठेंगण्या, येमेनी वंशाच्या तरुणाचा असा बेत असल्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचली होती. ती कागदावर राहिली. ऑक्टोबरात राबिन यांच्या मोटारीवरील चिन्ह कोणी उपटून नेले व ते दूरदर्शनवर मिरविले गेले. त्याच महिन्यात विंगेट येथे एक इसम त्यांच्या अंगावर धावून गेला. इतके होऊनही मोटारतळावर उभ्या असलेल्या शिपायाच्या डोळ्यांत ही शंका उतरली नाही. माहिती वरच्या कचेरीत होती आणि हात खाली जिन्यापाशी होते.

आपल्या लोकांच्या इतिहासात हे नवे नाही. पहिले पवित्र मंदिर पडल्यावर बाबेलच्या राजाने गदल्यास यहूदात सुभेदार नेमले. योहानान बिन कारेह याने त्यास सांगितले, की इश्माएल तुझ्या जिवावर उठला आहे. गदल्याने त्यास खोटे बोलतोस म्हणून परत पाठविले. इश्माएल दहा माणसे घेऊन मिस्पास आला, एका पंक्तीस जेवला आणि त्याने गदल्यास ठार केले. कोकणात आपले वाडवडील ‘नव्याचा रोजा’ पाळीत तो याच दुःखाच्या दिवशी, तिश्रीच्या तिसऱ्या तारखेस. जेवावयास बसलेल्या माणसाची झडती कोण घेणार?

ज्याची राखण करावयाची त्याचीही काही अडचण असते. राबिन हे जन्माचे सैनिक, १९६७ सालचे सरसेनापती. आपल्याच लोकांत बुलेटप्रूफ जाकीट घालून वावरणे त्यांनी मानले नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनासभेत स्फोट झाल्यावरही गांधीजींनी येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही, हे आपणांस स्मरत असेल. अशा माणसापुढे अंगरक्षकाचा शब्द चालत नाही. म्हणूनच, जे त्याच्या अंगावर घालता येत नाही ते त्याच्या भोवतीच्या जागेत करावे लागते, आणि ती जागा राखणे तरी संपूर्णपणे राखणदाराच्या हातात असते.

गोळ्या सुटल्यावर काय झाले ते थोडक्यात सांगतो. अंगरक्षक योराम रुबिन राबिन यांच्या अंगावर पडला. एक गोळी त्याच्या हातास लागली, तरी त्याने त्यांना मोटारीत घातले. त्याच्या धैर्याविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु त्याच क्षणी कोणीतरी ‘खऱ्या नाहीत, फुसक्या आहेत’ असे ओरडले. जिन्यावर मागे राहिलेल्या लेआ राबिन यांनाही हे खरे नव्हते असेच सांगण्यात आले व त्यांना इस्पितळाऐवजी शाबाकच्या कचेरीत नेण्यात आले. इखिलोव इस्पितळ हाकेच्या अंतरावर. पण गर्दी व अडथळे यांतून वाट काढताना ड्रायव्हर गोंधळला, वाटेत एका पोलिसास मोटारीत घेऊन रस्ता विचारावा लागला, आणि इस्पितळास आधी वर्दीही गेली नव्हती. रात्री सव्वाअकराच्या सुमारास मृत्यूची बातमी जाहीर झाली.

पुढे माजी सरन्यायाधीश मेइर शमगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. मोसादचे माजी प्रमुख झ्वी झामीर व प्राध्यापक आरिएल रोझेन-झ्वी हे त्याचे सदस्य होते. २८ मार्च १९९६ रोजी त्यांनी अहवाल दिला. राखीव जागा राखली गेली नाही, हा त्यातील मुख्य ठपका. अहवालाचा काही भाग गुप्त ठेवण्यात आला. गिलोन यांनी त्याआधीच, जानेवारीत, राजीनामा दिला होता व त्यांच्या जागी नौदलाचे अमी अयालोन आले.

ज्यांना ती जागा पाहावयाची असेल त्यांनी इब्न गबिरोल रस्त्याने नगरपालिकेच्या बाजूस यावे. स्मारकाजवळ राबिन कोठे होते, अंगरक्षक कोठे होते आणि मारेकरी कोठे होता, ते जमिनीत चकत्या बसवून दाखविले आहे. त्यांमधील अंतर पावलांनी मोजता येते.