जोडासांकोची ठाकूरबाडी : घर की देऊळ?

गेल्या वेळी आपण 'स्मृती आणि इतिहास' या विषयावर बोललो. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण एखादं उदाहरण घेऊन सांगा ना." रास्त मागणी आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला उदाहरणाशिवाय मोकळं सोडू नये, तो कुठेही भरकटतो. तर आज आम्ही एकच उदाहरण घेऊन आलो आहोत, आणि ते म्हणजे एक घर. उत्तर कलकत्त्यात, चितपूर रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत उभं असलेलं रवींद्रनाथ टागोरांचं जन्मघर.

तिथे आम्ही प्रथम गेलो ते एका परिषदेच्या निमित्ताने. दुपारची वेळ होती. लाल रंगाचा मोठा वाडा, हिरव्या झडपांच्या खिडक्या, मधे अंगण. जिन्यापाशी सांगितलं, "चपला इथे काढा." आम्ही काढल्या. वर गेलो, खोल्या पाहिल्या, खाली आलो, चपला घातल्या. आणि चपला घालताना एक प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही. आपण चपला काढल्या त्या कशासाठी? कुणाच्या तरी घरी आलो म्हणून, की देवळात आलो म्हणून? आपल्याकडे दोन्ही ठिकाणी चपला काढतात. पण दोन्हींचा अर्थ एक नाही. घरी काढतो ती स्वच्छतेसाठी आणि आपलेपणाने. देवळात काढतो ती शरण जाऊन.

बंगालीत 'ठाकूर' म्हणजे देव. 'ठाकूरबाडी' या शब्दाचा एक अर्थ देवघर, देऊळ असाच आहे. आडनावच ठाकूर, त्यामुळे या घरालाही ठाकूरबाडी म्हणतात. म्हणजे घोटाळा नावापासूनच आहे.

आता थोडा इतिहास. जोडासांको म्हणजे जोडसाकव. इथे पूर्वी एका ओढ्यावर दोन साकव होते, त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. (आपल्या कोकणातल्या मंडळींना 'साकव' समजावून सांगायला नको.) ठाकूर घराणं आधी जवळच्याच पाथुरियाघाटात राहत होतं. भावाभावांत वाटणीवरून वाद झाला आणि नीलमणी ठाकूर घराबाहेर पडून १७८४ मध्ये जोडासांकोला आले. म्हणजे या वारसावास्तूचा पाया भाऊबंदकीत आहे. हे ऐकून आपल्याला फारसं नवल वाटत नाही, होय ना?

नीलमणींचे नातू द्वारकानाथ. मोठे व्यापारी, इंग्रजांशी भागीदारी करणारे, राजा राममोहन रॉय यांचे स्नेही. त्यांच्याकडे साहेबलोकांच्या मेजवान्या होत. मद्य, मांस सगळं. घरातल्या बायकांना ते चालेना, विशेषतः त्यांच्या पत्नी दिगंबरीदेवींना. तेव्हा द्वारकानाथांनी १८२३ च्या सुमारास शेजारी दुसरी इमारत उभी केली, बैठकखाना बाडी. एका घराची दोन घरं झाली. एक सोवळ्याचं, एक ओवळ्याचं म्हणा.

पुढे काय झालं ते बघा. १८४६ मध्ये द्वारकानाथ लंडनला वारले. मागे कर्ज राहिलं. थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ ब्राह्मो झाले होते, मूर्तिपूजा मानत नव्हते. धाकटे गिरींद्रनाथ लवकर वारले, त्यांच्या पत्नी जोगमायादेवी परंपरेला धरून होत्या. त्यांनी घरातला देव उचलला आणि मुलाबाळांसह बैठकखाना बाडीत राहायला गेल्या. गंमत बघा, जी इमारत ओवळ्यासाठी बांधली, तिथे देव गेला. आणि जिथे देव होता ते मूळ घर निराकाराच्या उपासकाचं झालं. पुढे एकाला सहा नंबरचं घर म्हणत, दुसऱ्याला पाच नंबरचं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सहा नंबरच्या घरात ७ मे १८६१ रोजी रवींद्रनाथांचा जन्म झाला. भावंडांतलं जवळजवळ शेंडेफळ. आपल्याला वाटतं, एवढा मोठा वाडा, थोरले भाऊ कुणी तत्त्वज्ञ, कुणी संगीतकार, म्हणजे बालपण सुखाचं गेलं असणार. त्यांनी स्वतः काय सांगितलं आहे? 'जीवनस्मृती'त आणि म्हातारपणी लिहिलेल्या 'छेलेबेला'त त्यांनी हे बालपण सांगितलं आहे. वडील बहुतेक प्रवासात. आई अंदरमहालात, तिथे मुलाची फारशी ये-जा नाही. मुलं सांभाळायची नोकरांनी. श्याम नावाचा एक नोकर होता. तो या मुलाला एका जागी बसवायचा, भोवती खडूने रेघ ओढायचा आणि बजावायचा की ही ओलांडलीस तर संकट येईल. मुलाने रामायण ऐकलेलं होतं. सीतेने रेषा ओलांडल्यावर काय झालं ते त्याला ठाऊक होतं. तो बसून राहायचा.

बसल्या जागेवरून खिडकी दिसायची. खिडकीखाली तळं, काठावर एक जुना वड, पलीकडे नारळाची झाडं. आंघोळीला येणाऱ्या माणसांच्या सवयी न्याहाळत त्या मुलाचा दिवस जायचा. घरात आजीच्या काळातली एक पालखी पडून होती. कुणी वापरत नव्हतं. तो तिच्यात शिरून बसायचा आणि मनातल्या मनात दूरदूरच्या प्रवासाला निघायचा.

आता आमचा मुद्दा इथे सुरू होतो. एखाद्या लेखकाचं बालपणीचं घर आपण जपतो, तेव्हा नक्की काय जपतो? भिंती? भिंती तर आहेत. पण ते तळं, तो वड? तळं बुजवलं गेलं, वड गेला, आणि हे रवींद्रनाथांच्या हयातीतच झालं. 'जीवनस्मृती' लिहिताना, म्हणजे १९१२ च्या आधीच, ते स्वतः ही गोष्ट नोंदवतात. ज्या खिडकीतून कवी घडला, तिच्या बाहेरचं जग आधीच नाहीसं झालेलं आहे. आणि खडूची रेघ? ती तर रोज पुसली जात असणार. या घरातली कवीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठल्याही संग्रहालयात ठेवता येण्याजोगी नाही.

त्याच पुस्तकाच्या आरंभी त्यांनी एक विचार मांडला आहे, तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा आहे. स्मृती ही बखरकार नसते, चित्रकार असते, असा त्याचा आशय. ती घडलेलं जसंच्या तसं ठेवत नाही. काही मोठं करते, काही लहान, काही गाळते. आम्ही म्हणतो, वारसावास्तूही असंच करते. फक्त फरक एवढा की कवीची स्मृती काय गाळते हे कवी ठरवतो, आणि वास्तूची स्मृती काय गाळते हे आपण ठरवतो. म्हणजे सरकार, विद्यापीठ, विश्वस्त आणि तुमच्याआमच्यासारखे तिकीट काढणारे.

मग आपण काय गाळलं? आता ते दोन आकडे आठवा. सहा नंबरचं घर राहिलं. पाच नंबरचं? त्या घरात गिरींद्रनाथांचे नातू गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ वाढले. भारतीय चित्रकलेला नवं वळण देणारी ही माणसं. त्यांचा दक्षिणेकडचा व्हरांडा म्हणजे एक कलाशाळाच होती. पण घराण्याची आर्थिक घडी बिघडली, घर विकलं गेलं, १९४१ मध्ये अवनींद्रनाथांना ते सोडावं लागलं, आणि पुढे ते पाडलं गेलं. आज तिथे दुसरी इमारत आहे. भिंतीला भिंत लागून असावीत अशी दोन घरं. एकाला वारसा म्हटलं, दुसऱ्याला मालमत्ता. का? तर एका घरात नोबेल मिळवणारा कवी जन्मला, दुसऱ्यात नाही. हा न्याय झाला का, याचा विचार करा.

आणखी एक गाळलेली गोष्ट सांगतो, आणि ही आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. रवींद्रनाथांचे दुसरे बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, निवृत्त झाले ते साताऱ्याहून. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १८६४ मध्ये पत्नी ज्ञानदानंदिनींना ते मुंबईला घेऊन निघाले. तेव्हा वाड्यातल्या सुनेने बाहेरच्या चौकातून चालत जाऊन गाडीत बसणं देवेंद्रनाथांना मान्य नव्हतं. तिला पालखीतूनच जावं लागलं. दोन वर्षांनी ही बाई परत आली ती मुंबईच्या पारशी स्त्रियांकडून उचललेल्या पद्धतीने साडी नेसून, आणि वाड्याच्या दाराशी सगळ्यांदेखत गाडीतून उतरली. घरात हलकल्लोळ झाला. पण पुढे तीच नेसण बंगालभर गेली. म्हणजे श्यामच्या रेघेत बसलेला मुलगा एकटा नव्हता. त्या घरात बायकांभोवतीही रेघा होत्या, आणि पहिली ठळक रेघ ओलांडली ती एका सुनेने. रवींद्रनाथही १८७८ मध्ये मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले, तो याच भावा-वहिनींनी मोकळ्या केलेल्या वाटेने.

१९०१ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात शाळा काढली. भिंती नाहीत, झाडाखाली वर्ग. आम्ही तर म्हणतो, ती शाळा म्हणजे त्या खडूच्या रेघेला दिलेलं उत्तर आहे. आपले पु. ल. पन्नाशीत बंगाली शिकायला गेले ते शांतिनिकेतनात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं तेही शांतिनिकेतनलाच. कवीने स्वतः उभारलेलं घर मान्यता पावलं, हे योग्यच झालं. पण ज्या घरातून सुटायचं होतं ते पाहिल्याशिवाय सुटकेचा अर्थ कळत नाही. म्हणून जोडासांको हवं.

शेवटी ते याच घरात परतले. जुलै १९४१ मध्ये त्यांना शांतिनिकेतनाहून आणलं, घरातच शस्त्रक्रिया झाली, आणि ७ ऑगस्टला ते गेले. अंत्ययात्रेला अशी गर्दी उसळली की मुलाला, रथींद्रनाथांनाही चितेपर्यंत पोचता आलं नाही. विचार करा, लोकांच्या भक्तीमुळे मुलगा बापापासून दूर राहिला. घराचं देऊळ झालं की घरच्यांचं हे असं होतं.

जन्मशताब्दीच्या निमित्ताने सरकारने कायदा केला आणि १९६२ मध्ये इथे रवींद्र भारती विद्यापीठ सुरू झालं. संगीत, नृत्य, नाट्य शिकवणारं. हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या घरात मुलं गाणं शिकतात ते घर नुसतं बघण्याचं राहत नाही. आज तिथे कवीची जन्मखोली आहे, ज्या खोलीत ते गेले ती आहे, मृणालिनीदेवींचं स्वयंपाकघर आहे. आणि तरीही काळजी संपत नाही. २०२२ मध्ये या वाड्याच्या एका भागात बेकायदा फेरबदल झाल्याची तक्रार कलकत्ता उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाला बांधकाम थांबवायला सांगावं लागलं. म्हणजे बघा, नमस्कार करणारे लाखो असूनही एखादी खोली कधी बदलली हे लक्षात येत नाही. आमच्या मते याचं कारण तोच चपलांचा प्रश्न आहे. देवळात माणूस डोळे मिटून उभा राहतो. घरात राहणाऱ्याला मात्र कुठे ओल आली, कुठली फळी सरकली, ते लगेच कळतं.

या घरातून देवेंद्रनाथांच्या काळात मूर्ती बाहेर गेली. पुढे आपण त्याच घरात एक नवी मूर्ती बसवली. तिची पूजा झाली की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं. ते संपत नाही. भाऊबंदकी, कर्ज, अंदरमहाल, नोकरांच्या खोल्या, शेजारचं पाडलेलं घर, हे सगळं मिळून ते घर आहे. एवढं सगळं लक्षात ठेवायची तयारी असेल तरच त्याला वारसा म्हणावं.

मागच्या खेपेला आम्ही पुन्हा गेलो. गुडघे आता साथ देत नाहीत, जिना हळू चढलो. चपला याही वेळी काढल्या. पण या वेळी ठरवून काढल्या, एका माणसाच्या घरी आलो आहोत म्हणून. वर गेल्यावर नमस्कार केला नाही. एका खिडकीपाशी उभे राहिलो आणि जिथे कधीतरी तळं असेल अशी जागा शोधत राहिलो. तुम्ही गेलात तर तेवढं जरूर करा.