दुसऱ्याची वरात

2016 च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला बाहेर पडलो, तर निम्म्या घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या रोवलेल्या. मला वाटलं, प्लॉट विकायला काढलेत. घरी येऊन मुलाला म्हणालो, "अरे, ही सगळी मंडळी गाव सोडून चालली आहेत की काय?"

"बाबा, त्या उमेदवारांच्या पाट्या आहेत. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे."

आता, निवडणूक म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे भोंगा लावलेली रिक्षा, दुपारच्या झोपेचं खोबरं आणि जिन्यात हात जोडून उभे असलेले उमेदवार येतात. इथे सगळं कसं चिडीचूप! मी हिरमुसलो. मुलाच्या ते लक्षात आलं असावं. रविवारी त्यानं मला गाडीत घालून कॉल्डवेल नावाच्या गावी नेलं. तिथं एका पाद्र्याच्या घरात 1837 साली ग्रोव्हर क्लीव्हलंड जन्मला. न्यू जर्सीत जन्मलेला हा एकुलता एक राष्ट्राध्यक्ष. घर अगदी साधं. पण त्या घरानं मला नादाला लावलं. उरलेला मुक्काम मी ह्या गृहस्थाच्या निवडणुका वाचण्यात घालवला, आणि माझी खात्री पटली की अमेरिकेची निवडणूक बघायला मी सव्वाशे वर्षं उशिरा आलो.

जेम्स ब्राइस नावाचे एक विद्वान ब्रिटिश खासदार होते. त्यांचा अमेरिकेवरचा जाडजूड ग्रंथ 1888 साली निघाला. त्यात थोर माणसं राष्ट्राध्यक्ष का होत नाहीत, ह्यावर एक अख्खं प्रकरण आहे. (उत्तर असं, की थोर माणसाला शत्रू फार असतात, आणि पक्षाला थोर माणूस नको असतो, निवडून येणारा हवा असतो. हे कळायला एवढा प्रवास कशाला, असं मनात आलं. पण ते असो.) मला भावलं ते त्यातलं 1884 च्या एका मिरवणुकीचं वर्णन. क्लीव्हलंडच्या विरुद्ध उभे होते ब्लेन. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या धंदेवाल्यांनी मिरवणूक काढली. वकिलांची पलटण वेगळी, कापडवाल्यांची वेगळी, बँकवाल्यांची वेगळी. वरून पाऊस, खाली चिखल, आणि ही बडी बडी माणसं आरोळ्या देत ब्रॉडवेवरून चाललेली. आमचे वकीलसाहेब पावसात कोर्टाच्या पायऱ्यासुद्धा उतरत नाहीत! एवढं भिजून न्यूयॉर्क राज्यात ब्लेन हरले, ते जेमतेम अकराशे मतांनी, आणि तेवढ्यानं राष्ट्राध्यक्षपद गेलं.

1888 साली क्लीव्हलंड पुन्हा उभे राहिले. समोर बेंजामिन हॅरिसन. ह्यांचे आजोबा 1840 साली निवडून आले होते. आजोबांच्या प्रचारात एक भला मोठा चेंडू गावोगाव ढकलत नेला होता, म्हणून नातवासाठीही तसाच, माणसाहून कितीतरी उंच चेंडू बनवून मेरीलँडपासून त्याच्या घरापर्यंत, इंडियानापोलिसपर्यंत, ढकलत नेला. आजोबा शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारले, ही आठवण मात्र कुणी काढली नसावी.

पण त्या वर्षीचा खरा बळी उमेदवार नव्हता, प्रेक्षक होता. वॉशिंग्टनमध्ये सर लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट म्हणून ब्रिटिश वकील होते. त्यांना कॅलिफोर्नियाहून मर्चिसन नावाच्या माणसाचं पत्र आलं. मी मूळचा इंग्रज, आता इथला नागरिक झालोय, तर इंग्लंडच्या भल्यासाठी मत कुणाला देऊ? साहेबांनी भिडेखातर खासगी उत्तर धाडलं, त्याचा मथितार्थ, क्लीव्हलंडचा पक्ष बरा. मर्चिसन हा इसम अस्तित्वातच नव्हता! विरुद्ध पक्षाच्या एका शेतकऱ्यानं टोपण नावानं लावलेला तो सापळा. 21 ऑक्टोबरला उत्तर वर्तमानपत्रात झळकलं. न्यूयॉर्कमधले आयरिश मतदार इंग्लंडच्या नावानं आधीच दातओठ खात असत, ते खवळले. क्लीव्हलंडनं वकिलाला देशाबाहेर काढलं, तरी न्यूयॉर्क राज्य गेलंच, आणि त्याबरोबर निवडणूकही. गंमत म्हणजे देशभरात मतं क्लीव्हलंडलाच नव्वद हजारांच्या आसपास जास्त होती. पण तिथं मतं राज्यवार मोजतात, त्या हिशेबात हॅरिसन 233, क्लीव्हलंड 168. हा हिशेब मुलानं मला तीनदा समजावला.

त्याच वर्षी त्या देशात आणखी एक परकं माणूस होतं, आणि ते आपल्या घरचं. पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि विधवांच्या शाळेसाठी व्याख्यानं देत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. परत आल्यावर 1889 साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. राजा नसलेल्या त्या राज्याचं बाईंना केवढं कौतुक! पण बाई शास्त्रार्थ करणाऱ्या. घटनेत 'लोक' म्हटलंय, त्यात बायका का येत नाहीत, हे त्यांना खटकल्याशिवाय राहिलं नाही.

मार्च 1888 च्या अखेरीला वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रमाबाई तिथं बोलल्या. समोर बसलेल्या अमेरिकन बायका शिकल्यासवरलेल्या, कर भरणाऱ्या. त्यांतल्या एकीलाही नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येणार नव्हतं. म्हणजे रमाबाई परक्या म्हणून फुटपाथवर, आणि ह्या घरच्या असून फुटपाथवर! बेल्व्हा लॉकवुड नावाच्या वकीलबाईंनी त्यावर तोड काढली. मत देता येत नाही ना, मग उभं राहता येतं! त्या 1884 ला उभ्या राहिल्या आणि 1888 ला पुन्हा. पुरुष मंडळी बायकी झगे घालून त्यांच्या नावानं टिंगलीच्या मिरवणुका काढत. देशभर बायकांना मत मिळालं ते 1920 साली.

हे मी जेवताना रंगवून सांगत होतो. सून वाढता वाढता थांबली. अकरा वर्षं ती तिथं आहे. कर भरते, नातीच्या शाळेतल्या सगळ्या उठाठेवी करते. पण मुलानं नागरिकत्व घेतलं आणि हिनं अजून आपला पासपोर्ट सोडलेला नाही. आपल्याकडे मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून पुण्याला यायला हवं. "म्हणजे मी रमाबाईंच्या बाजूला बसायचं, की त्या वकीलबाईंच्या?" तिनं विचारलं. मला पटकन उत्तर सुचेना. मी आमटी मागितली.

मतदानाच्या मंगळवारी मुलगा मत देऊन आला. त्याच्या कोटावर 'मी मत दिलं' असं लिहिलेलं स्टिकर होतं. नातीनं ते काढून आधी आईच्या पदराला, म्हणजे ओढणीला, लावायला घेतलं. आई नको म्हणाली, तशी तिनं ते माझ्या स्वेटरवर चिकटवलं. मी विसरलो आणि तसाच दूध आणायला गेलो. दुकानातल्या म्हातारबुवांनी छातीकडे बघून मोठ्या प्रेमानं विचारलं, "मग, कुणाला दिलंत?"

तोंड उघडणार, एवढ्यात सर लायोनेल डोळ्यांपुढे उभे राहिले.

"मी पुण्याचा," मी म्हणालो, आणि दूध घेऊन बाहेर पडलो.