परक्या मैदानावरचा पाहुणा

खेळांचा इतिहास लिहिणारे लोक खेळाडूंचीं नांवें लिहितात, गुणांचे आंकडे लिहितात, आणि फार झालें तर मैदान कोणीं बांधलें तेंही लिहितात. परंतु आपल्या संघाच्या पाठोपाठ दुसऱ्याच्या गांवीं जाऊन, दुसऱ्याच्या जयघोषाच्या गदारोळांत दिवसभर बसणारा जो प्रेक्षक, त्याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. आमच्या मतें हा अन्याय आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास या पाहुण्या प्रेक्षकावांचून पुरा होत नाहीं. हार्वर्ड व येल या दोन विद्यापीठांचा सामना तेथें नुसत्या ‘द गेम’ या नांवानें ओळखला जातो. त्या एका सामन्याच्या आधारें आम्ही आमचें म्हणणें वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम एक खुलासा. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायानें चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. त्यांतील चेंडू लांबट असतो, तो हातांत घेऊन खेळाडू पळतो, आणि पळणाऱ्यास झोंबून जमिनीवर पाडणें हें प्रतिपक्षाचें काम असतें. हार्वर्ड हें बोस्टन शहराच्या शेजारीं केंब्रिज येथें. येल हें कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन गांवीं. येलला हें नांव मद्रासचा एके काळचा गव्हर्नर एलिहू येल याच्या देणगीमुळें मिळालें, ही गोष्ट हिंदी वाचकांस कुतूहलाची वाटेल. हार्वर्डचा रंग किरमिजी, येलचा निळा. आणि दोन्ही गांवांत सुमारें २०० किलोमीटरांचें अंतर.

हा खेळ हार्वर्डकडे आला तोच मुळीं पाहुण्यांच्या हातून. सन १८७४ च्या मे महिन्यांत कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठाचा संघ केंब्रिजला आला आणि त्यानें यजमानांस रग्बीची गोडी लाविली. पुढल्याच वर्षीं, १३ नोव्हेंबर १८७५ रोजीं, हार्वर्डचा संघ येलशीं खेळण्यास न्यू हेवनला गेला. त्याच्याबरोबर सुमारें दीडशें विद्यार्थी आगगाडीनें गेले. प्रत्येकीं ५० सेंट देऊन सुमारें २,००० लोक हॅमिल्टन पार्कवर जमले होते. हार्वर्डनें सामना ४–० असा जिंकला.

त्या गर्दींत प्रिन्स्टनचे दोन विद्यार्थीही होते. त्यांचा संघ मैदानावर नव्हता. ते केवळ पाहावयास आलेले. प्रिन्स्टनमध्यें तेव्हां पायानें खेळण्याचाच प्रकार चालू होता. या दोघांस नवा खेळ इतका भावला कीं, घरीं परतल्यावर त्यांनीं आपल्या सोबत्यांचें मन वळविलें, आणि २३ नोव्हेंबर १८७६ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया यांच्या प्रतिनिधींनीं जमून रग्बीच्या धर्तीवरील नियम ठरविले. आजच्या अमेरिकन फुटबॉलचें मूळ त्या बैठकींत आहे. जिंकण्या-हरण्याची चिंता नसलेल्या प्रेक्षकाला खेळ किती स्वच्छ दिसतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें स्पर्धा वाढली, तसा संशयही वाढला. एकमेकांच्या दारीं जाणें नको म्हणून १८८९ पासून १८९४ पर्यंत हा सामना स्प्रिंगफील्डलाच खेळविण्यांत आला. ही जागा दोघांसही परकी. वरवर पाहतां ही व्यवस्था न्यायाची. कोणासही घरचा लाभ नाहीं. परंतु तेथें कोणी यजमान नव्हता आणि कोणी पाहुणाही नव्हता. समोरासमोर उभे होते ते केवळ दोन प्रतिपक्ष. २४ नोव्हेंबर १८९४ चा सामना इतका रक्तबंबाळ झाला कीं, हॅम्पडन पार्कचें नांव त्या रक्तपाताशीं कायमचें जोडलें गेलें, आणि १८९५ व १८९६ या दोन्ही सालीं सामना झालाच नाहीं.

सर्व दोष त्या मैदानाचा, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं खेळच क्रूर होता. पुढें १९०५ सालीं खुद्द प्रेसिडेंट रूझवेल्ट यांस हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील धुरीणांना बोलावून खेळ सुधारण्याबद्दल बजावावें लागलें. तथापि १८९७ सालीं सामना पुन्हां सुरू झाला तो केंब्रिजला, १८९८ सालीं न्यू हेवनला, आणि दोन महायुद्धांचीं व २०२० च्या साथीचें असे खंड वगळले तर यजमानपणाची ही पाळी आजतागायत चालत आलेली आहे. यंदा तुम्ही आमच्या घरीं, पुढल्या वर्षीं आम्ही तुमच्या घरीं, या साध्या नियमानें वैराला मर्यादा घातली, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या घरीं उद्यां जावयाचें आहे, त्याला आज दारांतून हाकलून देतां येत नाहीं.

यजमानांनीं घरेंही मोठीं बांधलीं. हार्वर्डचें काँक्रीटचें क्रीडागृह १९०३ सालीं उभें राहिलें, आणि १४ नोव्हेंबरला तेथील पहिल्याच सामन्यांत पाहुण्या डार्टमथनें हार्वर्डला ११–० असें हरविलें. येलनें जमीन खोदून प्रचंड वाटीच्या आकाराचें ‘येल बोल’ बांधलें. सुमारें ७०,००० प्रेक्षकांसमोर २१ नोव्हेंबर १९१४ रोजीं हार्वर्डनें तेथें ३६–० असा विजय मिळविला. दोन्ही घरांच्या वास्तुशांतीला पाहुणेच जिंकून गेले! पहिले दीडशें प्रवासी आतां हजारोंनीं मोजले जाऊं लागले होते.

या पाहुण्यांचा पाहुणचारही नियमानें चालतो. सामन्याच्या आदल्या रात्रीं दोन्ही विद्यापीठांचीं गायनमंडळें एकाच व्यासपीठावर गातात. हार्वर्डच्या एकेका विद्यार्थिनिवासाचें येलच्या एकेका निवासाशीं भगिनीचें नातें जोडलेलें आहे. पाहुणे विद्यार्थी रात्रीं तेथें उतरतात, जागा अपुरी पडली तर जमिनीवर अंथरूण घालतात, आणि सकाळीं उठून त्याच यजमानांच्या पराभवासाठीं घसा कोरडा करतात.

पाहुणा नेहमींच शहाणा असतो असें मात्र नाहीं. २३ नोव्हेंबर १९६८ रोजीं दोन्ही संघ अपराजित होते. हार्वर्डच्या मैदानावर येल २९–१३ असें पुढें, आणि अवघे ४२ सेकंद उरलेले. येलचे प्रेक्षक यजमानांस निरोप म्हणून पांढरे रुमाल हालवीत होते. तेवढ्या अवधींत हार्वर्डनें १६ गुण केले आणि सामना २९–२९ असा बरोबरींत सुटला. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानें तो ‘जिंकल्याचा’ मथळा दिला! २० नोव्हेंबर २००४ रोजीं येलच्या विद्यार्थ्यांनीं निराळाच उपद्व्याप केला. यजमानांच्या उत्साहमंडळाचीं सोंगें घेऊन त्यांनीं हार्वर्डच्याच प्रेक्षकांत लाल-पांढरे कागद वांटले. सर्वांनीं ते उंचावतांच समोरच्या बाजूला अक्षरें वाचतां आलीं तीं ‘आम्ही भिकार’ अशा अर्थाचीं. सामना मात्र हार्वर्डनेंच ३५–३ असा जिंकला. असल्या खोड्या परक्याच्या घरांत कोणी करीत नाहीं. त्यांना ओळख लागते.

त्या ओळखीचें खरें मोल २३ नोव्हेंबर २०१९ रोजीं दिसलें. येल बोलमध्यें मध्यंतराला दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी व माजी विद्यार्थी मैदानांत उतरून बसले. विद्यापीठांनीं आपला पैसा कोळसा व खनिज तेलाच्या धंद्यांतून काढून घ्यावा, ही त्यांची मुख्य मागणी होती. सामना तासाभराच्या आसपास खोळंबला. ४२ जणांवर पोलिसांनीं आरोप ठेवले. मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळें दोनदां वाढविलेला खेळ संधिप्रकाशांत संपला, आणि येलनें तो ५०–४३ असा जिंकला. प्रेक्षकांनीं असें करावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होईल. आम्हांस स्वतःला खेळाच्या वेळीं खेळच बरा वाटतो. तथापि त्या हिरवळीवर किरमिजी आणि निळे एकमेकांस लागून बसले होते. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हें त्या घटकेला कोणी विचारीत नव्हतें.

१८७५ सालीं आगगाडींत बसलेल्या त्या दीडशें तरुणांस आपण कांहीं मोठें करीत आहों असें वाटलें नसेल. त्यांना एक सामना पाहावयाचा होता. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या गांवीं जाऊन, त्याचें घर पाहून, जिंकलेलें वा हरलेलें तोंड घेऊन रात्रीं परत येण्याचा जो प्रघात त्यांनीं पाडला, त्यामुळेंच दीडशें वर्षांची ही स्पर्धा स्नेहाला पारखी झाली नाहीं, असा आमचा समज आहे.