शुश्रूषेचे ओझे

झाशीस बदलून येणाऱ्या मराठी माणसास प्रथम किल्ला दाखविण्यात येतो आणि मग शौर्याच्या गोष्टी निघतात. येथील वैद्यकीय महाविद्यालयासही, 1968 साली ते स्थापन झाले तेव्हापासून, महाराणी लक्ष्मीबाईंचेच नाव आहे. 2020 साली कोरोनाची साथ आली, तेव्हा गावोगावच्या रुग्णालयांप्रमाणे येथेही परिचारिका उभ्या राहिल्या. त्यांचे शौर्य तलवारीचे नव्हे. ते ओळखावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला व पुढे पुण्यास पोहोचला. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांस बोलावून शहराबाहेर ससाणे यांच्या माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर वाहून आणले आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्या निवर्तल्या. त्यांचा देहत्याग आपण स्मरतो. त्यांच्या मनाने काय सोसले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. आम्हां कारकुनांस कलमे वाचण्याची सवय असते. त्या चार कलमी कायद्यात सद्‌हेतूने काम करणाऱ्यांस दाव्यांपासून संरक्षण होते. परंतु सेवा करणाऱ्यांवर हात उगारणाऱ्यास जबर शिक्षा 22 एप्रिल 2020 च्या वटहुकुमाने त्यात आली. देहाच्या रक्षणास 123 वर्षे लागली!

मनाचे काय? संरक्षक पोशाखात तासन्‌तास पाण्यावाचून राहणे, आप्तांवाचून मरणाऱ्याचा हात धरणे, आणि घरी जाताना आपणच मुलांस रोग देऊ की काय ही धास्ती! या ओझ्याखाली कित्येकींची झोप उडाली. सोबतिणींशी बोलणे, दूरध्वनीवर मुलांचे मुख पाहणे, प्रार्थना, एवढाच बहुतेकींचा आधार होता. 2020 हे जागतिक परिचारिका वर्ष म्हणून घोषित होते. 22 मार्च रोजी आपण थाळ्याही वाजविल्या. परंतु जिला देवी वा वीरांगना म्हटले, तिला थकण्याची मुभा उरत नाही, असे आम्हांस वाटते.

आखूड पाळी, विसाव्याची खोली, ऐकून घेणारा वरिष्ठ, या गोष्टी गौरवाने मिळत नाहीत. त्या फायलीवर मंजूर व्हाव्या लागतात. आणि फायली तर आपल्याच मेजांवरून पुढे जातात.