शिक्का, मोर्तब आणि खिशातली किल्ली

तंजावरच्या चोळांचे ताम्रपट वाचण्याआधी त्यांचे कडे पाहावे. राजराज चोळाने नागपट्टिणमच्या बौद्ध विहाराला आनैमंगलम् गाव दिले. त्या दानाचा ताम्रपट पुढे नेदरलँड्समधील लायडन येथे पोहोचला. त्याचे २१ पत्रे एकाच कड्यात ओवलेले असून कड्यावर राजमुद्रा आहे. पत्रा बदलायचा, तर कडे तोडावे लागे. आणि तोडलेले कडे लपत नसे.

याच तंजावरात पुढे भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. त्यांच्या काळचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपले आहेत. मराठी राज्यकारभारात पत्राच्या माथी शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे. हेतू हा, की खाली कोणी ओळ वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच आला.

या साऱ्या व्यवस्थेत एक उणीव होती. ठसा दर वेळी तोच असतो. जो तो पाहतो, त्याला त्याची नक्कल करता येते. संगणकाच्या पासवर्डचेही तसेच आहे. बनावट संकेतस्थळावर तो एकदा टंकला, की गुपित संपले.

१९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी निराळी वाट दाखवली: एक किल्ली जाहीर, दुसरी गुप्त. पुढे ही गुप्त किल्ली बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये मावली. ती चिपबाहेर येतच नाही. संगणक दर वेळी नवी संख्या पाठवतो, चिप तिच्यावर स्वाक्षरी करते आणि जाहीर किल्लीने ती पडताळली जाते. कालचे उत्तर आज चालत नाही. २०१४ पासूनच्या फिडो मानकात तर संकेतस्थळाचे नावही उत्तरात गुंफलेले असते; म्हणून भामट्याच्या संकेतस्थळाने मिळवलेले उत्तर खऱ्या बँकेपुढे निरुपयोगी ठरते.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. आज ई-निविदा भरणारा कंत्राटदार असेच टोकन लावून प्रवेश करतो. मात्र अनेकदा ते टोकन, पिनसह, हिशेबनिसाच्या खणात पडून असते. गणिताला त्यात काहीच वावगे दिसत नाही. स्वाक्षरी खरीच उमटते, आणि जबाबदारी मालकावर येते. राजमुद्रा कोणाच्या स्वाधीन असावी, हा प्रश्न दरबारापुढे होता. तोच आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे.