आपल्या आवारातली फळझाडं : कोण कुठलं?

संपादक मंडळाने मला संस्थेच्या हिशोबांचा इतिहास लिहायला सांगितला होता. अकरा वर्षं खजिनदार होतो, म्हणून. पण ऑडिटरखेरीज तो कुणी वाचेल असं वाटत नाही. त्यापेक्षा ज्यांची नावं आपल्या सभासद नोंदवहीत नाहीत, मेंटेनन्सही कधी ज्यांच्याकडून वसूल केला नाही, अशा रहिवाशांबद्दल लिहितो. म्हणजे आपली फळझाडं.

आज आवारात काय काय आहे ते सांगतो. पाण्याच्या टाकीमागे पपई, ए विंगच्या कोपऱ्यात पेरू, बागेत चिकू आणि रामफळ, मागच्या भिंतीलगत दोन सीताफळं, आणि गच्चीवर ड्रममध्ये अननस. अननस बाजारातून आणलेल्या फळाचा शेंडा मातीत खोचून लावला आहे. पहिलं फळ यायला दोन वर्षांवर काळ गेला, तेव्हा ते बघायला चार मजल्यांवरची मुलं गच्चीवर जमली होती. ही सगळी झाडं आपण आपली, गावाकडची समजतो. गणपतीपुढे ठेवतो, ओटीत घालतो, उपासाला खातो. पण मंडळी, वर सांगितलेल्या यादीतलं एकही झाड मूळचं भारतातलं नाही. सगळी अमेरिका खंडातली. बहुतेक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून किंवा त्यांच्या व्यापाराच्या वाटेने आली.

मला या गोष्टीचा नाद लागला तो सीताफळ-रामफळामुळे. आमची नात पाचवीत असताना तिने विचारलं, "आजोबा, रामाने वनवासात रामफळ खाल्लं म्हणून ते नाव पडलं का?" मी बेधडक "हो" म्हणालो. मग शंका आली आणि वाचायला बसलो. सीताफळ, रामफळ आणि ते काटेरी लक्ष्मणफळ ही तिन्ही एकाच कुळातली भावंडं, आणि तिघांचंही माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. सीताफळाबद्दल वाद झाला हे खरं. जनरल कनिंगहॅम या पुरातत्त्व अधिकाऱ्याला भारहूतच्या आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ दिसलं, म्हणून ते इथलंच असं त्याचं म्हणणं. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना ते पटलं नाही. दगडातलं खवल्याखवल्यांचं फळ फणसही असू शकतं. नातीला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीही आधी अंदाजानेच सांगितलंत."

नावं मात्र आपल्या लोकांनी छान दिली. सीताफळ येतं पावसाळा संपता संपता, दिवाळीच्या आसपास. रामफळ पिकतं उन्हाळ्याच्या तोंडाशी, रामनवमीच्या आगेमागे. चवीतही फरक आहे. सीताफळात डोळ्यागणिक बी, गर रवाळ आणि गोड. रामफळाची साल गुळगुळीत, तांबूस, गर घट्ट. पुष्कळांना ते सपक वाटतं. मला ते आवडतं, पण घरात माझ्या बाजूने कुणी नाही. लक्ष्मणफळ आंबूस, त्याचं सरबतच करावं. एक सूचना, सौ.च्या वतीने : सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच गर घालावा. गरम दुधात घालून वर उकळी आणली की कडवट होतं. पहिल्या वर्धापनदिनाला आपण पन्नास माणसांची बासुंदी अशीच घालवली होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. आणि बिया मुलांच्या हाती देऊ नका. त्या विषारी असतात, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

आपल्याकडे सीताफळं धरत नाहीत अशी तक्रार दरवर्षी असते. सासवडकडून बी आणून वाढवलेली झाडं ती. त्यांना पुरंदरची, बीडकडची कोरडी, माळरानाची हवा मानवते. इथे डोंबिवलीत घामाने आपणच भिजतो, तिथे फुलं काय तग धरणार! शिवाय त्याचं फूल आधी मादीचं काम करतं आणि मग पराग सोडतं, त्यामुळे दोन्ही वेळा जुळत नाहीत. सी विंगमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाई दोन वर्षं चित्रकलेच्या ब्रशने एका फुलातला पराग दुसऱ्याला लावत होत्या. त्या दोन वर्षांत फळं भरपूर आली. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि आपली सीताफळंही आटली.

पेरूची गंमत नावात आहे. पेरू देशातून आला म्हणून पेरू, असं आपण शाळेत ऐकलं. पण पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात, आणि त्यावरून हे नाव आलं असणं जास्त संभवतं. हिंदीतला 'अमरूद' फारसीतून आला, आणि फारसीत त्याचाही अर्थ नासपतीच. म्हणजे नवं फळ बघून दोन्हीकडच्या लोकांना एकच जुनं फळ आठवलं! अननसाने मात्र आपलं ब्राझीलकडचं नाव सोडलं नाही. त्याने बस्तानही लवकर बसवलं. आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी हजारो अननस येतात, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

पपईबद्दल तर चांगली साक्ष उपलब्ध आहे. लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण 1583 साली गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून राहिला आणि मायदेशी परतल्यावर 1596 मध्ये त्याने पुस्तक छापलं. त्यात तो म्हणतो की पपई स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्समार्गे मलाक्क्याला आणि तिथून हिंदुस्थानात आली. म्हणजे आपल्या टाकीमागच्या पपईचे पूर्वज पूर्वेकडून, उलटा वळसा घालून आले. आपल्या पहिल्या पपईला लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबायचे आणि फळ एकही नाही. वॉचमन रोज पाणी घालायचा. ते नराचं झाड आहे हे कळायला आपल्याला दीड वर्ष लागलं.

चिकूविषयी मला थोडं अधिकाराने लिहिता येईल. नव्वदच्या दशकात माझी बदली डहाणू तालुक्यात झाली होती. शासनाने 1990 पासून रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली होती, आणि बँकेत बागायतीच्या कर्जाचे अर्ज यायचे. मी घाटावरचा. चिकूचं झाड कागदावर तारण म्हणून बघितलेलं, जमिनीवर नाही. घोलवडला पाहणीला गेलो तेव्हा एका इराणी बागायतदाराने मला भेटकलम दाखवलं. खिरणीचं रोप कुंडीसकट चिकूच्या फांदीजवळ टांगतात, दोघांची साल थोडी तासून बांधतात, आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून कापतात. रोप झाडाला भेटायला जातं, म्हणून भेटकलम. चिकू हे नाव मेक्सिकोतल्या 'चिको सापोते' या नावाचा तुकडा आहे, त्याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करत. घोलवडला तो 1898 च्या सुमारास आला असं तिकडे सांगतात, आणि 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. पण प्रत्येक कलमाखाली मुळं असतात ती खिरणीची, आणि खिरणी अस्सल इथली.

आपल्या बागेतला चिकू तिकडूनच मी एस.टी.ने मांडीवर कुंडी घेऊन आणलेला आहे. कालीपत्ती. आधी चाळीत, मग इथे. सात-आठ वर्षांपूर्वी त्याची फळं अचानक कमी झाली. बघतो तर जोडाच्या खालून खिरणीचे फुटवे माणसाएवढे वाढलेले, आणि माळी कौतुकाने त्यांनाच पाणी घालतोय. ते मी कापले. जोडाखालचं फुटलेलं काही ठेवायचं नाही, एवढं बागेच्या कमिटीने लक्षात ठेवलं तरी झाड अजून पुष्कळ वर्षं देईल. फळ काढण्याआधी नखाने हलकं खरवडून बघावं. आत हिरवं दिसलं तर थांबावं, पिवळसर दिसलं तर काढावं. मग चीक धुऊन, अंगावरची भुरी चोळून काढून ठेवावं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते झाड.

आपल्या आवारात एक झाड पूर्णपणे इथलं होतं. बी विंगसमोरचा फणस. फणस सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, त्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात फणस आणि जांभूळ यांचं एकत्र प्रकरण लिहिलं आहे. तो इथे आला तेव्हा त्याला हे दारातच भेटलं. आपला फणस तळमजल्यावरच्या आजींनी लावलेला, इमारत बांधून झाली त्याच वर्षी, देवगडहून आणलेल्या आठळीपासून. बरका होता. कापा नाही म्हणून निम्मे लोक नाकं मुरडायचे, पण कोवळ्या कुयरीची भाजी मात्र सगळ्यांना हवी असायची. आजी तेलाचा हात करून अंगणात बसायच्या, आणि दुपारभर मुलं आणि माशा दोन्ही भोवती.

मग गाड्या वाढल्या. एका उन्हाळ्यात एक फणस एका गाडीच्या बॉनेटवर पडला. सर्वसाधारण सभेत ठराव आला. मतदान झालं नाही, हात वर करायला सांगितलं आणि हात वर झाले. 1975 च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, तिच्यासाठीचा अर्ज मीच लिहिला, चांगल्या अक्षरात, 'धोकादायक स्थितीत' असे शब्द घालून. झाड धोकादायक नव्हतं. खजिनदार म्हणून खाली सही माझी. बदली झाडं लावायची अट होती, म्हणून आपण भिंतीकडेने सहा उंच अशोक लावले, ज्यांना सावली नाही की फळ नाही. आजी सभेला आल्या नव्हत्या. तोडायच्या दिवशी त्या मुलीकडे ठाण्याला गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, मला आधी सांगितलं असतंत तर आठळ्या तरी काढून ठेवल्या असत्या." मी काय बोलणार! पुढच्या वर्षी त्या गेल्या.

मोकळ्या झालेल्या जागेत दोन गाड्यांचं पार्किंग झालं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि चौदा नंबर मला लागला. नऊ वर्षं माझी गाडी तिथे उभी होती. सिमेंटमधून दोनदा कोंब वर आला, दोन्ही वेळा कुणीतरी उपटला.

मागच्या दिवाळीत डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी गाडी विकली. आजींच्या धाकट्या मुलाने यंदा देवगडहून पाच आठळ्या पाठवल्या. त्यांतली तीन रोपं माझ्या गॅलरीत कुंडीत वीतभर झाली आहेत. फणसाचं सोटमूळ खोल जातं, कुंडीत फार दिवस राहत नाही. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत माझ्या नावाने एक विषय आहे : चौदा नंबरची जागा संस्थेला परत, आणि तिथलं सिमेंट पावसाआधी फोडण्याचा खर्च माझ्याकडून. पंधरा नंबरच्या मालकांशी बोललो आहे. त्यांचं म्हणणं, फांद्या आपल्या गाडीवर आल्या तर छाटायची परवानगी आधीच लिहून द्या. लिहून देतो आहे.